आयपॉडच का जिंकला, बाकीचे एमपीथ्री प्लेअर का नाही?

प्रश्न असा आलाय की आयपॉड यायच्या आधी बाजारात कितीतरी एमपीथ्री प्लेअर होते, काही स्वस्त होते, काहींमध्ये एफएम, रेकॉर्डिंग असं बरंच काही होतं, मग अ‍ॅपलनेच सगळं मार्केट कसं खाल्लं, आणि हे निव्वळ मार्केटिंगचं यश म्हणायचं का? मी बरीच वर्षं एम्बेडेडमध्ये (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या कामात) काढलीत, त्यातली बरीचशी ऑडिओ प्लेअरच्या फर्मवेअरवर, म्हणजे प्लेअरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, त्यामुळे विषय आवडीचा आहे, उत्तर लांबणार.

मार्केटिंग होतंच की. रंगीत बॅकग्राउंडवर नाचणाऱ्या काळ्या आकृत्या आणि कानातून लोंबणारी पांढरी वायर, त्या जाहिराती कोण विसरेल. पण त्या आल्या २००३ मध्ये, आणि आयपॉड आला २३ ऑक्टोबर २००१ ला. २००१ संपेपर्यंत खपले साधारण सव्वा लाख. पहिले दहा लाख पूर्ण व्हायला जून २००३ उजाडला. त्यानंतर बघा, अ‍ॅपलच्या २००४ च्या आर्थिक वर्षात ४४ लाख, २००५ मध्ये सव्वादोन कोटी, २००६ मध्ये चार कोटींच्या आसपास. म्हणजे वस्तू पहिल्या दिवसापासून चांगली होती पण मार्केट हातात आलं दोन-तीन वर्षांनी, आणि या दोन गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. लोक ती एकत्र करतात आणि मग सगळं स्टीव्ह जॉब्सच्या नावावर टाकून मोकळे होतात.

आधी वस्तूबद्दल. १९९८ ला कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन आणला, त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला. रिओमध्ये मेमरी ३२ एमबी. १२८ केबीपीएसला (तेव्हाच्या नेहमीच्या क्वालिटीला) अर्धा-पाऊण तास गाणी बसायची, म्हणजे एक कॅसेटही नाही, आणि ती भरायची कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टवरून, जिथे आपण प्रिंटर जोडायचो. अमेरिकेतल्या म्युझिक कंपन्यांच्या संघटनेने रिओवर केस टाकली आणि ती हरली, १९९९ मध्ये अपील कोर्टानेही रिओच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल फार महत्त्वाचा आहे. तो उलटा लागला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, आयपॉड पण नाही.

दुसरा प्रकार म्हणजे हार्ड डिस्कवाले प्लेअर. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने २००० मध्ये नोमॅड ज्यूकबॉक्स काढला, ६ जीबी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या आयपॉडपेक्षा जागा जास्तच. पण आत लॅपटॉपवाली अडीच इंची डिस्क, त्यामुळे साईज पोर्टेबल सीडी प्लेअरएवढा, चार पेन्सिल सेल, आणि भरायचं यूएसबी १.१ वरून. त्या यूएसबीचा कागदावरचा स्पीड १२ मेगाबिट, हातात यायचा त्याहून कमी, ६ जीबी भरायला बसलात तर संध्याकाळ गेली समजा. म्हणजे तेव्हा निवड अशी होती की एक तर खिशात मावणारा पण गाणी नसलेला प्लेअर घ्या, नाहीतर गाणी असलेला पण खिशात न मावणारा.

आता तोशिबाची डिस्क. २००१ च्या फेब्रुवारीत अ‍ॅपलचे हार्डवेअरचे मुख्य जॉन रुबिनस्टाइन जपानला गेले होते, तिथे तोशिबाच्या लोकांनी त्यांना १.८ इंची, ५ जीबीची नवीन डिस्क दाखवली आणि म्हणाले की बनवली तर आहे पण हिचं काय करायचं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. रुबिनस्टाइनना कळलं. त्यांनी जॉब्सकडे एक कोटी डॉलर मागितले आणि तोशिबा बनवेल तेवढ्या सगळ्या डिस्क अ‍ॅपलला मिळतील असा सौदा केला. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच. म्हणजे आयडिया चोरता आली तरी दुसऱ्याला पार्टच मिळणार नाही. हीच खेळी अ‍ॅपलने पुढे २००५ मध्ये पुन्हा केली, त्यावर येतो.

बाकी आयपॉडमध्ये अ‍ॅपलचं स्वतःचं असं फार थोडं होतं. मेन चिप पोर्टलप्लेअर नावाच्या छोट्या कंपनीची, जिचे इंजिनिअर आपल्याकडे हैदराबादलाही बसायचे, सॉफ्टवेअरचा पाया पिक्सो नावाच्या कंपनीचा, आयपॉडचं काम बघणारा टोनी फॅडेल बाहेरून कॉन्ट्रॅक्टवर आलेला, आणि फिरवायच्या चाकाची आयडिया मार्केटिंगच्या फिल शिलरची. आठ-नऊ महिन्यांत प्रॉडक्ट दुकानात. ज्यांनी कधी हार्डवेअर प्रॉडक्ट काढलंय त्यांना विचारा आठ महिने म्हणजे काय ते. आमच्याकडे नुसती एनक्लोजरची टूलिंग (बाहेरच्या खोक्याचे साचे) फायनल व्हायला तेवढे महिने जायचे.

आता फर्मवेअरवाल्याच्या नजरेने आतली गंमत सांगतो. फिरणारी डिस्क खिशात ठेवायची म्हणजे दोन प्रॉब्लेम. एक, मोटर बॅटरी पिते, आणि दुसरं, चालताना धक्का बसला की डिस्क वाचणारं हेड हलणार आणि गाणं अडकणार. अ‍ॅपलने आत ३२ एमबी रॅम टाकली, जेवढी रिओची सगळी मेमरी होती तेवढी नुसती तात्पुरत्या साठवणीला. आपण सोसायटीत पंप एकदा चालवून वरची टाकी भरून घेतो आणि मग दिवसभर नळ सोडतो, तसं डिस्क काही सेकंद फिरणार, पुढची चार-सहा गाणी रॅममध्ये ओतणार आणि थांबणार. मग वीसेक मिनिटं सगळं रॅममधून, डिस्क गप्प, कितीही उड्या मारा. पहिल्या आयपॉडची पाठ शांत खोलीत कानाला लावली की मधूनच बारीक घुर्रर्र ऐकू यायचं आणि बंद व्हायचं, ती ही टाकी भरतानाची मोटर. यातूनच १० तासांची बॅटरी निघाली. आणि म्हणूनच सारखं पुढचं-पुढचं गाणं दाबत बसलं की बॅटरी लवकर उतरायची, कारण रॅममध्ये आणलेलं टाकून देऊन डिस्कला परत परत उठवावं लागायचं. ही कल्पना काही अ‍ॅपलनेच शोधली असं नाही, सीडी प्लेअरमध्ये धक्क्यासाठी अशी मेमरी आधीपासून होती, पण तिच्यासाठी एवढी रॅम खर्च करायची तयारी कोणाची नव्हती. पार्टचा खर्च बघणारा माणूस पहिल्या मीटिंगलाच ती निम्मी करा म्हणतो, हे मी स्वतः पाहिलंय.

मग केबल. अ‍ॅपलने वापरलेली फायरवायर नावाची केबल ४०० मेगाबिटची होती. अ‍ॅपलचा लाँचच्या वेळचा दावा होता की एक सीडी दहा सेकंदांत आणि हजार गाणी दहा मिनिटांच्या आत, यूएसबीवाल्यांच्या ३० पट वेगाने. शिवाय त्याच केबलवरून चार्जिंग. म्हणजे जोडलं की गाणीही भरली आणि बॅटरीही. आज हे इतकं साधं वाटतं की त्यात काय मोठं असं वाटेल, पण तेव्हा चार्जर वेगळा, केबल वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं आणि त्याची सीडी हरवलेली, असा कारभार असायचा.

आणि आता मला सगळ्यात हुशारीचा वाटणारा निर्णय. प्लेअरमधून कामं काढून घेतली. प्लेलिस्ट बनवणं, नावं दुरुस्त करणं, गाणी उडवणं, ही सगळी कटकट आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरवर, कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर, कीबोर्ड-माऊसने करायची, प्लेअरने फक्त वाजवायचं. आयट्यून्स आयपॉडच्या आधी आलं होतं, जानेवारी २००१ ला, साउंडजॅम नावाचं प्रोग्रॅम विकत घेऊन त्यावर बनवलेलं. तिकडे बाकीचे लोक प्लेअरच्या दोन इंची स्क्रीनवर सगळं कोंबायला बघत होते, दर मॉडेलला चार फीचर वाढव, सहा बटणं वाढव. आयपॉडला चालू-बंदचं वेगळं बटणही नव्हतं. कुठलंही गाणं तीन दाबांत सापडलं पाहिजे हा जॉब्सचा हट्ट, आणि हजार गाण्यांच्या यादीत खाली जायला चाक, जे जोरात फिरवलं की यादीही जोरात पळायची. हजार वेळा 'डाउन'चं बटण दाबून बघा म्हणजे चाकाची किंमत कळेल.

इतकं सगळं असूनही दोन वर्षं खप बेताचाच. का? किंमत ३९९ डॉलर, आणि फक्त मॅकवर, म्हणजे अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर चालायचा. मॅक तेव्हा शंभरात तीन-चार लोकांकडे. म्हणजे दुकानात आलेल्या बहुतेकांना तो घेऊन उपयोगच नाही. जॉब्सना तो विंडोजला द्यायचाच नव्हता, त्यांना वाटत होतं की लोक आयपॉडसाठी मॅक घेतील. आतल्या लोकांनी बरंच भांडून २००२ च्या जुलैमध्ये विंडोजवाला आयपॉड काढायला लावला, पण त्यासोबत आयट्यून्स नव्हतं, दुसऱ्या कंपनीचं म्युझिकमॅच होतं, आणि बहुतेक पीसींना फायरवायरचं पोर्टच नव्हतं. जेमतेम.

खरा गिअर बदलला २००३ मध्ये. २८ एप्रिलला तिसऱ्या पिढीचा आयपॉड आणि आयट्यून्स म्युझिक स्टोअर. या आयपॉडला खाली ३० पिनांचा कनेक्टर आला आणि यूएसबी २.० वरून गाणी भरायची सोय झाली, म्हणजे साध्या पीसीवाल्याचा रस्ता मोकळा. स्टोअरला दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट, पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. आणि १६ ऑक्टोबरला आयट्यून्स विंडोजवर. तुम्हाला एकच तारीख पाठ करायची असेल तर ही करा, २००१ वाली नको.

म्युझिक कंपन्या का तयार झाल्या? त्यांचे स्वतःचे प्रयोग आपटले होते. प्रेसप्ले आणि म्युझिकनेट अशा दोन सर्व्हिस त्यांनी काढल्या होत्या, महिन्याचे पैसे भरा, सीडीवर मोजकीच गाणी उतरवा, पैसे बंद केले की गाणी गेली. तिकडे लोक फुकट डाउनलोड करत होते, कोण भरतो पैसे. जॉब्सनी त्यांना सांगितलं की मॅकवाले आहेतच किती, बिघडलं तरी तुमचं थोडंच बिघडेल. गंमत बघा, ज्या छोट्या मार्केटमुळे आयपॉड अडकला होता त्याच छोट्या मार्केटमुळे स्टोअरला परवानगी मिळाली. सहा महिन्यांत तेच स्टोअर विंडोजवर गेलं तेव्हा मागे फिरायची सोय उरली नव्हती.

इथे एक गैरसमज. मॅनेजमेंटच्या वर्गात सांगतात की स्टोअरची गाणी कुलूपबंद होती, ती फक्त आयपॉडवर वाजायची, म्हणून लोक अडकले. कुलूप होतं हे खरं. पण फेब्रुवारी २००७ मध्ये जॉब्सनी स्वतः हिशोब जाहीर केला होता, तोवर ९ कोटी आयपॉड आणि २०० कोटी गाणी विकलेली, म्हणजे दर आयपॉडमागे २२ गाणी. भरलेल्या आयपॉडमध्ये हजार गाणी धरली तर तीन टक्केसुद्धा नाही. उरलेली लोकांनी आपल्या सीडीवरून घेतलेली किंवा कुठून आणलेली ते विचारू नका. २२ गाण्यांसाठी कोण कंपनीला चिकटून बसतं? आपली लायब्ररी नीट लावलेली, प्लेलिस्ट बनवलेल्या, रेटिंग दिलेलं, हे सगळं परत कोण करणार, हा आळस त्या कुलुपापेक्षा मोठा होता.

आणि खरं कुलूप तर तो ३० पिनांचा कनेक्टर. २००४ मध्ये बोसचा साउंडडॉक आला, बीएमडब्ल्यूने गाडीत आयपॉड जोडायची सोय दिली, मग स्पीकर, घड्याळ, चार्जर, कव्हर, सगळा बाजार त्या एका खाचेभोवती उभा राहिला. क्रिएटिव्हच्या प्लेअरला कव्हर हवं असेल तर शोधत फिरा, कारण त्यांचं दर मॉडेल वेगळ्या मापाचं.

आता पुन्हा पार्ट. २००४ मध्ये आयपॉड मिनी आला, एक इंची डिस्क, पाच रंग, २४९ डॉलर. तज्ज्ञ म्हणाले की पन्नास डॉलर जास्त टाकले तर चौपट जागेचा मोठा आयपॉड मिळतो, हा कोण घेईल. लोकांनी रांगा लावून घेतला. आणि सप्टेंबर २००५ मध्ये, मिनी सगळ्यात जास्त खपत असताना, अ‍ॅपलने तो बंद केला आणि त्याच्या जागी नॅनो आणला, डिस्क नाही, फ्लॅश मेमरी, म्हणजे काहीही न फिरणारी चिप. चालू माल बंद करायला धमक लागते, आमच्या धंद्यात सेल्सवाले ऑफिस डोक्यावर घेतील. त्याच नोव्हेंबरात अ‍ॅपलने सॅमसंग, हायनिक्स, तोशिबा, मायक्रॉन आणि इंटेल अशा पाचही जणांना मिळून सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ देऊन २०१० पर्यंतची फ्लॅश मेमरी बुक करून टाकली. आता तुम्ही छोटी प्लेअर कंपनी आहात आणि तीच चिप घ्यायला गेलात तर तुम्हाला भाव काय लागेल आणि माल कधी मिळेल, अंदाज करा. त्याच वर्षी जानेवारीत ९९ डॉलरचा छोटा आयपॉड शफल आलाच होता, त्याला तर स्क्रीनच नाही. म्हणजे वरून मोठा आयपॉड, मधून नॅनो, खालून शफल, दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. अमेरिकेत २००६ च्या सुमारास ७० टक्क्यांच्या वर मार्केट त्यांच्याकडे होतं.

सोनीचं नाव सगळे विचारतात. वॉकमन त्यांचा, १९७९ पासून. बॅटरी त्यांच्या, डिस्प्ले त्यांचे, गाणी पण त्यांचीच, सोनी म्युझिक. नेमकं तेच आडवं आलं. १९९९ पासून त्यांचे मेमरी स्टिकवाले वॉकमन होते पण ते एमपीथ्री थेट वाजवायचे नाहीत, आधी सोनीच्या अट्रॅक फॉरमॅटमध्ये बदलायचं. आणि सॉफ्टवेअरमध्ये 'चेक-आउट' मोजलेले, तुमच्याच सीडीवरचं गाणं तुम्ही तीन वेळाच प्लेअरवर टाकू शकता, चौथ्यांदा हवं तर आधीचं परत करा. वाचनालयासारखं, स्वतःच्याच पुस्तकांसाठी! गाणी विकणारा विभाग प्लेअर बनवणाऱ्या विभागाचा हात धरून बसला होता. थेट एमपीथ्री वाजवायला त्यांना २००४ संपत आलं, तोवर गाडी सुटली.

क्रिएटिव्हचं वाईट वाटतं. कलाकार, मग अल्बम, मग गाणं, या मेनूच्या रचनेचं पेटंट त्यांच्याकडे होतं, त्यावर त्यांनी केस केली आणि २००६ मध्ये अ‍ॅपलने १० कोटी डॉलर देऊन मिटवली. पैसे मिळाले, मार्केट नाही मिळालं. मायक्रोसॉफ्टने आधी बाकीच्या कंपन्यांच्या प्लेअरसाठी कुलूपबंद गाण्यांची 'प्लेज फॉर शुअर' नावाची व्यवस्था काढली, आणि २००६ मध्ये स्वतःचा झून प्लेअर आणला जो त्याच व्यवस्थेतली गाणी वाजवायचा नाही. याच्यावर काय बोलणार.

आपल्याकडे मात्र ही कहाणी तशी घडलीच नाही. आयपॉड यायचा तो अमेरिकेतल्या आत्येभावाच्या बॅगेतून. इथे गाणी असायची फोल्डरमध्ये, दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडीवर, रस्त्यावर मिळणाऱ्या, आणि आतले टॅग (फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची आणि गायकाची नावं) म्हणजे आनंद. आयपॉड फोल्डर बघतच नाही, तो टॅग बघतो, त्यामुळे 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'जोशी भीमसेन' हे तीन वेगळे गायक व्हायचे आणि निम्मी नाट्यगीतं 'ट्रॅक ०१' नावाने एका ढिगात पडायची. आपल्या लोकांना चायनीज प्लेअरची फोल्डरवाली यादी जास्त सोयीची वाटायची आणि त्यात काही चूक नव्हती. शिवाय आयट्यून्सचं स्टोअर भारतात उघडलं डिसेंबर २०१२ ला, तोवर कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिलं की हवी तेवढी गाणी भरून मिळत होती.

आणि शेवटी फोननेच सगळ्यांचं काम केलं, आयपॉडचं पण. हे अ‍ॅपलला आधीच दिसलं होतं, २००५ मध्ये मोटोरोलासोबत रॉकर नावाचा फोन काढला होता त्यांनी, शंभर गाण्यांची मर्यादा घालून, तो कोणालाच आवडला नाही. मग जानेवारी २००७ मध्ये आयफोन. आयपॉडचा सगळ्यात जास्त खप त्यानंतरचा आहे, २००८ च्या आर्थिक वर्षात साडेपाच कोटींच्या जवळ, मग उतरती कळा लागली आणि मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड टच बंद केला. मिनी बंद करून नॅनो आणणाऱ्या कंपनीने आयपॉडवर आयफोन आणला यात मला तरी काही नवल वाटलं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर २००१ च्या लाँचवर एक स्लाइड पुरे, बाकीच्या सगळ्या एप्रिल २००३ ते नोव्हेंबर २००५ या अडीच वर्षांवर करा.